गाडी आडवी घालण्याचा खेळ

ईदच्या दुसऱ्या दिवशी रोह्याला बहिणीकडे गेलो होतो. जेवणे झाली, बायका आत गप्पांत रमल्या आणि भाचा माझ्या शेजारी येऊन बसला. नुकती अठरा पूर्ण झालेला, डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाचा मुलगा. "मामू, हे बघा," म्हणत त्याने मोबाईल पुढे केला. पडद्यावर एक पांढरी मोटार होती. ती सरळ जात नव्हती, आडवी जात होती. तोंड एकीकडे, चाल दुसरीकडे. मागच्या चाकांखालून एवढा धूर निघत होता की डिकी दिसेना. रस्त्याच्या दोन्ही कडांना तोब घातलेली पोरे हातभर अंतरावर उभी राहून मोबाईल उंचावत होती. रियाधला असलेल्या त्याच्या चुलतभावाने हा व्हिडिओ पाठवला होता.

"तू त्याचे मोबाईल बघू नकोस," बहीण आतून म्हणाली, "त्याला आधी बाही वर करायला सांग."

बाही वर झाली. कोपरापासून मनगटापर्यंत सालटे निघालेले. धाटावच्या औद्योगिक वसाहतीकडच्या रुंद रस्त्यावर संध्याकाळी मित्राची मोटारसायकल घेऊन मागचे चाक घसरवत वळण घेण्याचा प्रयोग चालला होता. खडीवर चाक आले आणि गाडी निसटली. डोक्यावर हेल्मेट होते, एवढी अक्कल शिल्लक होती.

मी रागावणारच होतो. पण तो धूर पाहून मला माझे दम्मामचे दिवस आठवले. मी तिथे अकरा वर्षे काढली. तेव्हा सौदीत आठवड्याची सुट्टी गुरुवार-शुक्रवारची असे, त्यामुळे बुधवारची रात्र म्हणजे पोरांची रात्र. शहराबाहेरच्या नव्या, सरळ, रिकाम्या रस्त्यांवर टोयोटा-ह्युंदाई जमत आणि हाच प्रकार चाले. तिथे त्याला तफहीत म्हणतात, कोणी हजवला म्हणतात. आम्ही कामगार मंडळी लांबून बघायचो आणि पोलिसांचे दिवे दिसले की खोलीकडे पळायचो. एकदा ज्या रस्त्यावर रात्री हे पाहिले, त्याच रस्त्यावर सकाळी बसमधून जाताना डांबरावर काळ्या वळशांच्या शेवटी काचांचा ढीग आणि एक चप्पल पडलेली दिसली. त्यानंतर मी कधी बघायला गेलो नाही.

त्यामुळे भाच्याला नुसते "हे बंद कर" म्हणणे मला जमले नाही. घरी आल्यावर या प्रकाराची माहिती काढली. ती आपल्या वाचकांपुढे ठेवतो, कारण आखातात माणूस असलेले घर आपल्याकडे गल्लोगल्ली आहे आणि असे व्हिडिओ घराघरांत येतात.

आधी हे समजून घेऊ की ही नुसती मस्ती नाही. वळणावर मोटार वेगात असताना मागच्या चाकांची पकड मुद्दाम सोडवायची. हातब्रेक ओढून, क्लच झटक्यात सोडून किंवा एकदम रेस देऊन. गाडीची शेपूट बाहेर फेकली जाते. आता कोणताही नवशिक्या घाबरून ब्रेक दाबेल आणि गाडी भिंगरीसारखी फिरेल. ड्रिफ्टिंग करणारा ब्रेक दाबत नाही. तो स्टिअरिंग उलट्या दिशेला फिरवतो, पायाने रेस कमीजास्त करत मागची चाके जळती ठेवतो आणि अख्खे वळण गाडी आडवी ठेवूनच पार करतो. पुढे दुसरे वळण उलटे असेल तर गाडी हवेत शिंपल्यासारखी पालटून दुसऱ्या कुशीवर घेतो. हे साधण्याला वर्षे लागतात. टायर मात्र काही फेऱ्यांतच संपतात.

आता एक तांत्रिक गंमत. हे मागच्या चाकांना जोर देणाऱ्या गाडीनेच नीट होते. आपल्याकडे मारुती ८०० आल्यापासून घरगुती मोटारी बहुतेक पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या. जुनी ॲम्बेसेडर आणि फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, मागच्या चाकांवर चालत. आज साध्या घरात परवडणाऱ्या गाड्यांत ती रचना उरली आहे ती इको व्हॅनसारख्या एखाद्या गाडीत. लग्नाचे वऱ्हाड आणि शाळेची पोरे वाहणारी ती बिचारी व्हॅन! आपली पोरे मोटारीऐवजी मोटारसायकलवर हे करून बघतात, त्यामागे पैशाइतकेच हेही कारण आहे. आणि मोटारसायकलला दरवाजे नसतात.

या खेळाचे माहेर जपान. तिथला कुनिमित्सू ताकाहाशी आधी मोटारसायकलचा मोठा शर्यतपटू होता. १९६१ साली जागतिक ग्रां प्री शर्यत जिंकणारा तो पहिला जपानी. पुढे मोटारींच्या शर्यतींत उतरल्यावर सत्तरच्या दशकात तो वळणांवर गाडी अशी घसरवत नेई की लोक शर्यतीचा निकाल सोडून त्याची वळणेच बघत. ते पाहून केइची त्सुचिया नावाचा तरुण डोंगरातल्या घाटरस्त्यांवर रात्री सराव करू लागला. आपला ताम्हिणी किंवा वरंध घाट डोळ्यांपुढे आणा, म्हणजे ते रस्ते कसे असतील ते कळेल. १९८७ मध्ये त्याच्या घाटातल्या गाडी चालवण्याची एक व्हिडिओ फीत निघाली आणि जपानभर पोरांच्या हातांत फिरली. अधिकाऱ्यांनी त्याचा परवाना काही काळ काढून घेतला. म्हणजे ज्याला आज जग 'ड्रिफ्ट किंग' म्हणते, त्याची सुरुवात पोलिसांच्या वहीत नाव लागण्यापासूनच झाली.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. त्याच त्सुचियाने एका मोटार मासिकाच्या संपादकाबरोबर २००० मध्ये बंद मैदानावर डी-वन ग्रां प्री ही रीतसर स्पर्धा सुरू केली. २००४ मध्ये अमेरिकेत फॉर्म्युला ड्रिफ्ट सुरू झाली. तरीही मोटार शर्यतींची जुनी मंडळी नाक मुरडत होती. त्यांचे म्हणणे असे की शर्यत म्हणजे घड्याळ. जो आधी पोहोचला तो जिंकला. इथे तर पंच बसून गुण देतात: गाडीचा कोन किती, ठरवलेल्या रेषेवर गाडी राहिली का, चाल किती डौलदार. दोन गाड्या एकत्र सोडल्या तर मागच्याने पुढच्याच्या दाराला जवळजवळ चिकटून तसेच घसरत जायचे. हा खेळ की नाच? मला विचाराल तर आक्षेप पोकळ आहे. मल्लखांबातही घड्याळ नसते, पंच असतात, आणि त्याला कोणी तमाशा म्हणत नाही. शेवटी जागतिक मोटार महासंघाने २०१७ मध्ये टोकियोला स्वतःच्या नावाने आंतरखंडीय ड्रिफ्टिंग चषक भरवला. त्सुचियाच्या त्या फितीला तोवर तीस वर्षे झाली होती.

आता सौदीकडे वळतो, कारण आपला संबंध तिथे जास्त. पास्कल मेनोरे नावाच्या एका फ्रेंच अभ्यासकाने रियाधमध्ये राहून या पोरांच्या टोळ्यांत वावरून एक पुस्तक लिहिले. २०१४ मध्ये ते केंब्रिजने छापले. तेलाच्या पैशाने शहर पसरले, मैलोगणती रुंद रस्ते झाले, पण तरुण मुलाने संध्याकाळी जायचे कुठे, याचे उत्तर कोणी ठेवले नाही. ना सिनेमागृह, ना मैदान, खिशात नोकरी नाही. हातात होता तो फक्त रस्ता. पुस्तकाचा आशय साधारण असा आहे. मी तिथे पाहिलेली पोरे आठवली की तो पटतो. ती श्रीमंतांची लाडावलेली पोरे नव्हती. कित्येकांच्या गाड्या भाड्याच्या किंवा चोरीच्या असत.

सरकारने बडगा उगारला. २०१६ मध्ये कायदा कडक झाला: पहिल्यांदा सापडला तर वीस हजार रियाल दंड आणि गाडी पंधरा दिवस जप्त, दुसऱ्यांदा चाळीस हजार, तिसऱ्यांदा साठ हजार आणि गाडी कायमची जाऊ शकते. वीस हजार रियाल म्हणजे आपल्या साध्या कामगाराची वर्षाची कमाई. पण याच काळात दुसरीकडे दार उघडले. अब्दो फघाली या लेबनॉनच्या रॅलीचालकाच्या कल्पनेतून २००८ पासून अरब देशांत गाड्यांच्या वाहनतळावर ड्रिफ्टिंगची स्पर्धा भरू लागली. जागा मोकळी, भोवती कठडे, रस्त्याऐवजी शंकू आणि खोके लावून आखलेला मार्ग, डोक्यावर हेल्मेट, बाहेर रुग्णवाहिका. पोरांना रस्त्यावर जे मिळत होते ते सारे तिथे होते: धूर, आवाज, टाळ्या. याच फघालीने २०१३ मध्ये अबुधाबीत ११ किलोमीटरहून जास्त अंतर गाडी सलग घसरवत नेऊन गिनेसमध्ये नोंद केली. आज ओमान, कतार, कुवेत, सौदी, सगळीकडे मोटार संघटनांच्या देखरेखीखाली या स्पर्धा होतात. रस्त्यावरचे प्रकार संपले असे नाही. भाच्याला आलेला व्हिडिओ काही मैदानावरचा नव्हता.

दुसरे उदाहरण मला अनपेक्षित ठिकाणी सापडले. माणगाव तालुक्यातल्या मोर्ब्याची आणि आसपासच्या गावांची कोकणी मुसलमान कुटुंबे शंभर वर्षांहून अधिक काळापासून दक्षिण आफ्रिकेत, विशेषतः केपटाऊनला आहेत. आमचेही एक लांबचे नातलग तिथे आहेत. त्यांना फोन केला तर ते हसायलाच लागले. "अरे, इथे तर याला स्पिनिंग म्हणतात, आणि पोरांना क्रिकेटपेक्षा तेच आवडते!"

ऐंशीच्या दशकात, वर्णभेदाच्या काळात, सोवेटोच्या वस्त्यांत ही चाल पडली. टोळीतला कोणी मेला की त्याच्या अंत्ययात्रेत चोरलेली बीएमडब्ल्यू गोल गोल फिरवून त्याला मानवंदना द्यायची. म्हणजे जन्म थेट गुन्हेगारीच्या अंगणात. ती जुनी चौकोनी बीएमडब्ल्यू आजही तिथे गुशेशे या लाडक्या नावाने ओळखली जाते. हळूहळू लोकांनी ही करामत टोळ्यांपासून सोडवली, मैदाने घेतली, तिकिटे लावली, आणि २०१४ मध्ये तिथल्या मोटार क्रीडा संघटनेने स्पिनिंगला अधिकृत खेळ म्हणून मान्यता दिली. आता बायकापोरांसह लोक डबे घेऊन बघायला जातात. केपटाऊनच्या किलार्नी या शर्यतीच्या मैदानावर तर रस्त्यावर शर्यती लावणाऱ्यांनाच रात्री बोलावून घेतात: या, तुमच्या रोजच्या गाड्या आणा, सिग्नलचे दिवे लावून ठेवले आहेत, इथे काय लावायची ती पैज लावा. (तिथे सिग्नलला रोबोट म्हणतात, हे ऐकून भाचा खूश झाला.)

भाचीनेही मध्येच विचारले, "मुली करतात का?" करतात. स्टेसी-ली मे ही दक्षिण आफ्रिकेची मुलगी वडिलांच्या हाताखाली स्पिनिंग शिकली आणि आज त्या देशातले मोठे नाव आहे. चेन्नईची अलिशा अब्दुल्ला हीदेखील मोटारसायकल शर्यतपटू वडिलांकडूनच शिकून पुढे आली. सौदीत बायकांना गाडी चालवण्याची मुभा जून २०१८ मध्ये मिळाली आणि पुढच्याच वर्षी रीमा जुफाली ब्रिटनमधल्या फॉर्म्युला फोरच्या शर्यतींत उतरली. ही ड्रिफ्टिंगवाली नाही, साधी शर्यत करणारी आहे. पण भाचीने नाव वहीत लिहून घेतले.

आपल्याकडे काय? खरे सांगायचे तर भाच्याला पाठवावे असे जवळपास काही नाही. मोटार शर्यतींचा कारभार फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया बघते. देशातली नावाजलेली शर्यतीची मैदाने चेन्नई, कोइम्बतूर आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला. महाराष्ट्रात कोल्हापूरला कार्टिंगचे जुने प्रशिक्षण केंद्र आहे, लोणावळ्याजवळ ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर सरळ रेषेतल्या वेगाच्या स्पर्धा झाल्या आहेत. खेळाला मान मिळायलाही वेळ लागला: मोटार शर्यतींतल्या खेळाडूला पहिला अर्जुन पुरस्कार मिळाला तो २०१९ मध्ये, रॅलीचालक गौरव गिलला. सगळ्या मोटार खेळांची ही कथा, तर त्यातल्या सर्वांत धाकट्या ड्रिफ्टिंगला कोण विचारतो? गाडी, टायर, मेकॅनिक, वाहतूक, सगळा खर्च पदरचा.

आणि नुसता कागदावरचा परवाना पुरत नाही, हेही मान्य करायला हवे. त्याच २०१९ मध्ये राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅली चालू असताना बंद केलेल्या मार्गावर मोटारसायकलवरून एक कुटुंब आले. नवरा, बायको आणि मुलगा, तिघेही गेले. रॅली रीतसर होती. वाट अडवायला माणूस जिथे उभा हवा तिथे तो नसेल तर रीतसर खेळ आणि रस्त्यावरची मस्ती यांत मरणाऱ्याला फरक पडत नाही.

आपल्या जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. अलिबाग-मुरूडकडच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूतून बैलगाड्या आणि घोडागाड्या धावताना ज्यांनी पाहिल्या त्यांना आठवेल: मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. मग राज्याने कायदा दुरुस्त केला, नियम केले. धाव हजार मीटरच्या आत, काठी-चाबूक नको, विजेचा धक्का नको, बैलाची डॉक्टरकडून तपासणी, मोडले तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने कायदा कायम केला. या शर्यतींच्या मागे गावेच्या गावे होती, आमदार-खासदार होते. चाक घसरवणाऱ्या चार पोरांच्या मागे कोण आहे? त्यांची आई हळद लावत बसलेली असते.

पालकांना कायद्याची बाजू माहीत हवी, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणे सार्वजनिक रस्त्यावर परवानगीविना शर्यत किंवा वेगाची चाचणी केली तर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केले तर वर्षभरापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड. शर्यत नसली तरी धोकादायक चालवण्याचे कलम वेगळे आहेच. यापेक्षा घरातल्यांनी लक्षात ठेवावे ते कलम १९९ अ. अठराच्या आतल्या मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक जबाबदार: तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशी गाठेपर्यंत शिकाऊ परवानाही नाही. आमच्या भाच्याबरोबर धाटावला जे दोघे होते त्यातला एक सोळाचा होता आणि गाडी त्याच्या वडिलांच्या नावावर. ते वडील कतारला आहेत. त्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. विम्याचेही तसेच. नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते; कपाटातला कागद काढून एकदा वाचा.

शब-ए-बरातच्या रात्री मुंबईत पोलिसांना जागोजाग नाकेबंदी करावी लागते, कारण आपलीच काही पोरे दुचाक्यांवर कसरती करत फिरतात. दर वर्षी मशिदींतून आवाहने होतात, बुजुर्ग हात जोडतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो येतो आणि सगळ्या जमातीला मान खाली घालावी लागते. मलाही लाज वाटते. पण दम्माममध्ये जे पाहिले ते आठवून एवढेही मनात येते की त्या रात्री आपण पोराला "जाऊ नकोस" सांगतो, "इथे ये" असे सांगायला आपल्याकडे जागा नसते. फुटबॉलला तरी गावाबाहेर एखादे शेत सापडते.

भाच्याशी मी तासभर बोललो. रस्त्यावर पुन्हा नाही, हे त्याने कबूल केले. आईच्या डोक्यावर हात ठेवायला लावून नाही, तर त्या चपलेची गोष्ट ऐकून. मीही कबूल केले की वर्षातून एकदा त्याला कार्टिंगला घेऊन जाईन, खर्च माझा. शर्यतीच्या मार्गावर झेंडे घेऊन उभे राहणारे मार्शल बहुधा हौशी स्वयंसेवक असतात, हे त्याला माहीत नव्हते. गाडी नसताना मैदानाच्या आत जायचा तोही एक रस्ता. आणि तोवर रविवारी ओळखीच्या गॅरेजमध्ये हात काळे करायचे.

परवा त्याचा फोन आला. गॅरेजमध्ये एका इकोचे डिफरन्शियल उघडले होते. "मामू, आता कळले. साध्या गाडीत चिखलात एकच चाक फिरते, दुसरे गप्प उभे राहते. ड्रिफ्टवाले दोन्ही चाके वेल्डिंग करून एकत्र जोडून टाकतात, म्हणून दोन्ही टायर एकदम जळतात." पुढे तो बराच वेळ दातऱ्यांविषयी बोलत राहिला. मग बहिणीने फोन घेतला.

"हाताची खपली पडली," ती म्हणाली. "पण शर्टाचे काय करू? सगळा ग्रीसने भरवून आणलाय."